गाठीवरचा शिक्का, पुस्तकावरचे नाव
(बुलढाणा जिल्ह्यातल्या प्रेसांवरील लेखसंग्रहाची प्रस्तावना)

खामगावात नवख्या माणसाने ‘इथे प्रेस कुठे आहे?’ असे विचारले, तर रस्ता सांगण्याआधी त्याला विचारावे लागते : कोणती? कापसाच्या गाठी बांधतात ती, लग्नपत्रिका छापतात ती, की कपड्यांना इस्त्री करून देतात ती? त्याच गावात संध्याकाळी एखादा पुढारी ‘उद्या प्रेस घेतो’ असे म्हणतो तेव्हा त्याला पत्रकारांना बोलवायचे असते. एवढी सगळी कामे एकाच शब्दाने चालतात आणि कोणाचा घोटाळा होत नाही. बोलणारा कोण, तो कुठे उभा आहे आणि त्याच्या हातात काय आहे, यावरून ऐकणाऱ्याला अर्थ लागलेला असतो.

या संग्रहातले लेख त्या सगळ्या प्रेसांविषयी आहेत. घाटाखालच्या मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर या पट्ट्यात जिनिंग-प्रेसिंगचा जोर, म्हणून त्या भागाला अधिक पाने मिळाली. घाटावर, चिखली-मेहकरकडे, छापखान्यांच्या आणि वर्तमानपत्रांच्या हकिकती अधिक सापडल्या. इस्त्रीची टपरी तर तेराही तालुक्यांत आहे. हा नुसता शब्दाच्या अर्थांचा कोश होऊ नये, अशी माझी पहिल्यापासून इच्छा होती. लेख एकत्र वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येत गेली आणि प्रस्तावनेत मी तिच्याच मागे जाणार आहे. या जिल्ह्यातली प्रत्येक जुनी प्रेस आपल्या हातून गेलेल्या मालावर स्वतःची खूण ठेवत आली आहे. गाठीवर शिक्का, पुस्तकावर मुद्रकाचे नाव, धुतलेल्या सदऱ्याच्या कॉलरखाली बिब्ब्याचा ठिपका. ती खूण का असते, ती कोणाची असते आणि कोणाची नसते, हे मला या संग्रहाचे मर्म वाटते.

सुरुवात कापसापासूनच करायला हवी, कारण जिल्ह्यात बाहेरचा पैसा, आगगाडी आणि यंत्र हे तिन्ही कापसामागून आले. खामगावचा कापसाचा बाजार एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशातला. त्या काळी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून शेकडो मैल दूर गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई. १८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि सगळ्यांची नजर आपल्या काळ्या जमिनीकडे वळली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा फाटा भुसावळहून वऱ्हाडातून पुढे सरकत १८६७ साली नागपूरला पोचला. जलंबहून खामगावपर्यंतचा सुमारे तेरा किलोमीटरचा छोटा फाटा १८७० साली सुरू झाला आणि त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावात आले. तालुक्याच्या गावी एवढ्याशा रुळासाठी व्हाइसरॉय येतो, यावरून त्या रुळावरून काय जाणार होते त्याची किंमत कळावी.

जाणार होती ती रुई. मोकळी रुई फार जागा खाते. बोटीवर भाडे जागेवर लागते, वजनावर नाही. शिवाय सुटी रुई ठिणगीने पेटते आणि ओलाव्याने खराब होते. म्हणून ती दाबून बांधली पाहिजे. आधी आतल्या गावांत सैलसर बांधलेल्या गाठी मुंबईला जात आणि कुलाब्याच्या प्रेसांमध्ये पुन्हा दाबल्या जात. वाफेवर चालणाऱ्या प्रेसा रेल्वेच्या आधाराने आत वऱ्हाडात आल्या तशी इथे बांधलेली गाठ थेट जहाजावर चढू लागली. स्वित्झर्लंडच्या विंटरथूरमध्ये १८५१ साली स्थापन झालेल्या वोल्कार्ट ब्रदर्सने खामगावात आपली आडत थाटली, स्वतःचे जिन आणि स्वतःची प्रेस उभी केली. विंटरथूर ते खामगाव हा रस्ता त्या काळात कापसाने जोडला होता आणि खामगावच्या हर्रासातल्या भावावर लिव्हरपूलच्या तारांचा परिणाम होत होता.

जिन आणि प्रेस यांत फरक आहे. जिल्ह्यात लोक दोन्ही शब्द जोडूनच उच्चारतात, म्हणून तो सांगून ठेवतो. जिनात, म्हणजे रेच्यावर, कापसातली सरकी वेगळी होते आणि रुई निघते. एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई मिळते, बाकी मुख्यतः सरकी. सरकीचे तेल निघते आणि ढेप जनावरांना जाते. प्रेसमध्ये ती रुई पेटीत भरून दाबतात, कापड गुंडाळतात, पट्ट्या आवळतात. आजची प्रमाण गाठ १७० किलोची. बाजारात भाव बोलतात तो मात्र खंडीचा, म्हणजे सुमारे ३५६ किलोचा. ती खंडी इंग्रजी अमलातल्या ७८४ पौंडांची आहे. पौंड गेले, खंडी राहिली.

हिशेब असा की एका गाठीला पाच क्विंटलांच्या आसपास कापूस लागतो. कोरडवाहू कास्तकाराचा एकरभराचा कापूस एका गाठीत मावून जाईल. पण तसे कधीच होत नाही. जिनाच्या आवारात शंभर शेतांचा कापूस एका ढिगात पडतो आणि गाठ बांधली जाते तेव्हा तिच्यात कोणाचे शेत आहे हे देवालाही सांगता येत नाही. लबाडीला वाव मिळतो तो इथेच. चांगल्या कापसात हलका मिसळायचा, वजन वाढवायला पाणी मारायचे, आतून निकृष्ट भरून बाहेरून पांढरे शुभ्र दाखवायचे, अशा तक्रारी गाठी विलायतेला जाऊ लागल्यापासून होत्या. मुंबई सरकारने १८६३ साली कापसातल्या फसवणुकीविरुद्ध कायदाही केला होता. १९१७ साली नेमलेल्या इंडियन कॉटन कमिटीने हा प्रश्न पुन्हा तपासला. त्यानंतर १९२३चा कापूस वाहतूक कायदा आणि १९२५चा कापूस जिनिंग-प्रेसिंग कारखाने कायदा आला. या दुसऱ्या कायद्याने प्रेसवाल्यावर एक बंधन घातले. त्याने बांधलेल्या प्रत्येक गाठीवर त्या प्रेसला नेमून दिलेली खूण आणि अनुक्रमांक उमटवलाच पाहिजे. जगाच्या कोणत्याही बंदरात गाठ फोडली आणि आत दगड निघाला, तर ती कोणत्या गावात, कोणत्या आवारात बांधली गेली हे शोधता आले पाहिजे.

मला हा कायदा फार महत्त्वाचा वाटतो. कास्तकाराचे नाव त्यात नाही, आणि नव्हतेच. पण निदान शेवटचा हात कोणाचा लागला हे तरी लपवायचे नाही, एवढी जबाबदारी त्याने बसवली. वऱ्हाडला अशा बाजाराच्या शिस्तीची सवयही जुनी. हिंदुस्थानातला शेतमालाच्या बाजारांचा पहिला कायदा १८९७ साली याच वऱ्हाडासाठी झाला. मापारी, अडत्या, हर्रास, कटती हे शब्द आजच्या बाजार समितीत ऐकू येतात त्यामागे सव्वाशे वर्षांची घासाघीस आहे. पुढे १९७२पासून एकाधिकार कापूस खरेदी योजना आली. सुमारे तीस वर्षे कापूस सरकारच विकत घेई आणि जिन-प्रेसवाले पणन महासंघासाठी ठरल्या दराने रुई काढून गाठी बांधून देत. त्या योजनेच्या काळातल्या संकलन केंद्रांवरच्या रांगांचे वर्णन या संग्रहातल्या दुसऱ्या लेखात आहे. रात्र-रात्र बैलगाड्यांखाली झोपलेले कास्तकार, प्रतवारीवरून होणारे वाद आणि चुकाऱ्यासाठी मारलेल्या खेपा, हे सारे त्या लेखात अगदी जवळून आले आहे. योजना बंद पडली. जिनात कापूस वाहून नेणारी पन्हाळी आणि पट्टे आले, हायड्रॉलिक प्रेस आल्या. आता कॉटन कॉर्पोरेशनच्या गाठींवर क्यूआर कोड येऊ लागला आहे. १९२५चा अनुक्रमांकच नव्या रूपात आला, असे म्हणायला हरकत नाही.

एक नोंद मात्र त्या गाठीवर कधीच उमटली नाही. जिनात रेच्यांना कापूस भरवण्याचे काम प्रामुख्याने बायकांनी केले. हवेत तरंगणारी रुईची कूस, कानठळ्या बसवणारा घर्घराट, अंगावर एक पांढरा थर. हंगाम भरात आला की रात्रपाळी. शेजारच्या खानदेशातल्या जिनांमध्ये बायकांना किती तास राबवले जाते याची नोंद १८८०च्या दशकातल्या सरकारी चौकशांमध्ये झाली आहे आणि ती वाचताना आजही अंगावर काटा येतो. १८८१चा पहिला कारखाना कायदा या बायकांच्या काही उपयोगी पडला नाही. प्रौढ बायकांच्या कामाचे तास त्याने ठरवलेच नव्हते. शिवाय वर्षातून चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने त्यातून वगळलेले होते आणि जिन हा हंगामी कारखाना. कायदा लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. या संग्रहात अशा बायकांच्या तोंडून आलेला भाग लहान आहे. तो मोठा व्हायला हवा होता. ज्या बोलल्या त्यांनी मशिनीपेक्षा तान्ह्या पोरांबद्दल अधिक सांगितले : रुईच्या ढिगावर झोपवलेली पोरे, खोकला, पान्हा दाटलेला आणि पाळी संपत नसलेली. तो मजकूर भाषा न सुधारता जसाच्या तसा ठेवला आहे.

आता छापखान्याकडे वळतो. बुलढाणा शहरात आजही आगगाडी नाही. घाट उतरून मलकापूर गाठावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा आडबाजूच्या गावात राहणाऱ्या एका बाईचे पुस्तक पुण्याला छापले गेले, आणि जिल्ह्याच्या इतिहासात छापील अक्षराची जी सर्वांत मोठी घटना म्हणावी ती तीच आहे. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ साली पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक विचारांचे होते. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला आपले मूल मारल्याबद्दल आधी फाशीची शिक्षा झाली, ती अपिलात काळ्या पाण्यापर्यंत कमी झाली. या निमित्ताने ‘पुणे वैभव’सारख्या पत्रांतून बायकांच्या अनीतीवर झोड उठली. ताराबाईंनी लेखणी उचलली ती या वर्तमानपत्री मजकुराला उत्तर द्यायला.

म्हणजे एका अर्थी हे पुस्तक दोन प्रेसांमधला झगडा आहे. एका बाजूला बायकांना नावे ठेवणारे पत्र, दुसऱ्या बाजूला पुण्याच्या दुसऱ्या छापखान्यातून निघालेले, बुलढाण्याच्या बाईने स्वतःच्या नावाने लिहिलेले पुस्तक. त्या काळात बाईने टोपणनाव घेतले असते तर कोणी आश्चर्य मानले नसते. ताराबाईंनी नाव दिले. मुद्रकाचेही नाव पुस्तकावर होते, कारण १८६७च्या छापखाने व पुस्तके नोंदणी कायद्याप्रमाणे प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण देणे बंधनकारक होते. इंग्रजांनी तो कायदा देशी लोक काय छापतात यावर डोळा ठेवण्यासाठी केला, हे उघड आहे. अकरा वर्षांनी १८७८मध्ये देशी भाषांच्या पत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आला तेव्हा तो डोळा अधिक तीक्ष्ण झाला. तरीही त्या एका ओळीने नकळत एक चांगली गोष्ट केली. ताराबाईंसारख्या बाईचे जळजळीत लिखाण छापायची हिंमत कोणत्या छापखान्याने केली हे आज आपल्याला ठाऊक आहे, ते त्या ओळीमुळे.

पुस्तक मुद्रित झाले, टीका झाली, जोतीराव फुल्यांनी १८८५च्या ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली आणि त्यानंतर ते पुस्तक विस्मृतीत गेले. ताराबाईंनी दुसरे पुस्तक प्रसिद्ध केले नाही. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशित केले तेव्हा कुठे मराठी वाचकाला कळले की जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी बुलढाण्यात बसून कोणी काय लिहून ठेवले आहे. पाचशे प्रतींपैकी काही उरल्या म्हणून हे घडले. हस्तलिखित असते तर वाळवीने खाल्ले असते. छापण्याचा हा गुण मला कापसाच्या गाठीपेक्षाही थोर वाटतो.

१८६७ हे साल आपल्या भागात आणखी दोन कारणांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. रेल्वे नागपूरला पोचली तीही त्याच वर्षी, आणि अकोल्याला ‘वऱ्हाड समाचार’ सुरू झाला तोही त्याच वर्षी. बुलढाण्याच्या वाचकाला अकोल्याची पत्रे घरचीच वाटत आली. जिल्ह्याची बातमी अकोल्याला जाऊन छापून परत यायची, ही सवय पुढे ब्रिजलाल बियाणींच्या ‘मातृभूमी’पासून ‘देशोन्नती’पर्यंत चालू राहिली.

जिल्ह्यातल्या तालुक्याच्या छापखान्यांनी मात्र वेगळे जग सांभाळले. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, बिलबुके, सप्ताहाची हँडबिले, शाळेच्या प्रश्नपत्रिका, दशक्रियेची कार्डे, आणि पाच वर्षांतून एकदा निवडणुकीची पत्रके. पायाने चालवायची ट्रेडल, भिंतीला तिरक्या लावलेल्या खिळ्यांच्या पेट्या, कंपोझिटरच्या हातातली स्टिक. इंग्रजीची पेटी लहान असते. देवनागरीला मात्र काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे यांमुळे कितीतरी घरे लागतात, आणि जुना कंपोझिटर पेटीकडे न पाहता प्रत्येक घर हाताने गाठतो. ओळ उलटी जुळवायची, उलटी वाचायची. ‘ज्ञ’ संपला की गावातल्या ‘ज्ञानेश्वर’ नावाच्या नवरदेवाची पत्रिका एक दिवस थांबायची, अशी एक आठवण तिसऱ्या लेखात आली आहे. खिळे झिजून अक्षराचा पाय तुटला की तो खिळा वितळवायला जाई. ऑफसेट आणि संगणक आल्यावर ही सगळी कौशल्ये दहा-पंधरा वर्षांत निकामी झाली. ट्रेडल भंगारात गेल्या, खिळे किलोवर विकले गेले. कंपोझिटरांपैकी कोणी डीटीपी शिकले, कोणी शाळेत शिपाई झाले, कोणी शेती करू लागले. या हानीचे मला फार वाईट वाटते. त्या लोकांनी तालुक्याच्या भाषेचे शुद्धलेखन कित्येक वर्षे सांभाळले होते आणि ते काम त्यांच्या हातून गेल्याची दखल कोणी घेतली नाही.

तालुक्याच्या छापखान्यात अजूनही एक नियम कसोशीने पाळला जातो. निवडणुकीच्या पत्रकाखाली बारीक अक्षरात मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे नि पत्ते असतात. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२७ अ तसे सांगते आणि ते मोडले तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. निनावी पत्रक काढून द्या म्हणून रात्री दार ठोठावणारे प्रत्येक निवडणुकीत येतात आणि त्यांना परत पाठवणे हा छापखानेवाल्याच्या धंद्याचा भाग असतो. पावतीपुस्तकाखाली, पत्रिकेखाली स्वतःचे नाव तो हौसेने घालतो, तसे घालायची सक्ती नसली तरी. गावागावांतल्या पत्रिका जमवल्या तर जिल्ह्यातल्या छापखान्यांचा इतिहास त्यांच्या तळच्या ओळीवरूनच लिहिता येईल, आणि या संग्रहातल्या एका लेखिकेने खरोखरच तसे केले आहे.

दाबून ठसा उमटवण्याच्या आणखी एका प्रकाराकडे जाता जाता लक्ष वेधतो. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता १९३०च्या दशकाच्या आरंभी जी. एन. जोशींच्या आवाजात तबकडीवर आली. त्या तबकड्या कलकत्त्याजवळ दमदमच्या कारखान्यात साच्यात दाबून निघत. घाटमाथ्यावरच्या कवीचे शब्द एका प्रेसमधून पुस्तकात गेले आणि दुसऱ्या प्रेसमधून घराघरांतल्या ग्रामोफोनवर. मेहकरच्या लेखात हा भाग सविस्तर आहे.

इस्त्रीच्या टपरीवरचा लेख मी संग्रहात हट्टाने घेतला. कपडे ‘प्रेसला’ देणे ही आता इतकी साधी गोष्ट झाली आहे की तिच्यामागे किती शरीर झिजते हे दिसत नाही. कोळशाची इस्त्री पाच-सात किलोची. तिच्यातली राख उडू नये म्हणून हात हलवण्याचीही रीत असते. उन्हाळ्यात पत्र्याच्या टपरीत, पेटलेल्या कोळशाजवळ दिवसभर उभे राहायचे. विदर्भात या कामाच्या परंपरागत समाजाला वरठी म्हणतात. गाडगेबाबांचा जन्म शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी अशाच परीट घरात झाला, हे सगळ्यांना माहीत असते. पण त्या घरातल्या कामाच्या रीती कोणी लिहून ठेवत नाही. त्यातली एक रीत म्हणजे खूण. बिब्ब्याच्या फळाचा रस चुन्याबरोबर कापडाला लावला की काळा, कधीही न निघणारा डाग पडतो. प्रत्येक घराची वेगळी खूण : एका घराचे दोन ठिपके, एकाची आडवी रेघ, एकाचा त्रिकोण. गावभरातले कपडे एकाच ढिगात आले तरी वरठ्याच्या घरातली बारा वर्षांची पोरगीही ते अचूक वेगळे करी. तिला वाचता येत नसे, पण हा हिशेब चुकत नसे. बिब्बा अंगाला लागला तर फोड येतात, म्हणून तो हाताळण्याचेही शास्त्र होते. धाग्याने खूण करायची पद्धत आली आणि नंतर कागदी चिठ्ठ्या आल्या. बिब्बा मागे पडला. त्या खुणांचे तीनेक डझन नमुने लेखात रेखाटून दिले आहेत. सातपुड्याच्या पायथ्याशी बिब्ब्याची झाडे अजून आहेत.

स्वयंपाकघरातली पुरी प्रेस, व्यायामशाळेत पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांचे बेंच प्रेस, फोनवर ‘मराठीसाठी एक दाबा’ असे सांगणारा आवाज, यांवर संग्रहात छोटी टिपणे आहेत. त्यांच्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. नाशिकरोडला ‘तो प्रेसमध्ये आहे’ म्हटले की नोटांच्या आणि मुद्रांकांच्या सरकारी छापखान्यातली पक्की नोकरी कळते, तसा अर्थ आपल्या जिल्ह्यात नाही, एवढेच नोंदवून ठेवतो.

शेवटची प्रेस पत्रकारांची. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढले, म्हणून हा दिवस मराठी पत्रकार दिन म्हणून तालुक्या-तालुक्यांत साजरा होतो. हार, सत्कार, भाषणे होतात. तालुका वार्ताहराचे रोजचे जिणे मात्र त्या दिवशी कोणी विचारत नाही. त्याला पगार जवळजवळ नसतोच. जाहिरातीच्या कमिशनवर घर चालवायचे आणि ज्यांच्याकडून जाहिरात आणायची त्यांच्याच विरुद्ध बातमी द्यायची, हे त्याच्याकडून अपेक्षित असते. अवकाळी गारपिटीत कोणत्या गावचा पंचनामा झाला नाही, कोणत्या जिल्हा परिषद शाळेला दोन वर्षे शिक्षक नाही, हे तोच लिहितो. त्याच्या बातमीमुळे पंचनामा झाल्याची उदाहरणे पाचव्या लेखात आहेत. ती वाचून मला या लोकांविषयीचा आदर दुणावला.

त्याच वेळी दुचाकीच्या पुढे, चारचाकीच्या काचेवर ‘प्रेस’ लिहिण्याची जी लाट जिल्ह्यात आली आहे तिच्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. त्या गाडीतला माणूस कोणत्या पत्राचा, संपादक कोण, पत्ता कोणता, यांतले काहीच तिच्यावर नसते. वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर तळाशी मालक, मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे छापली जातात. गाठीवरच्या शिक्क्याचे आणि पुस्तकावरच्या ओळीचे जे काम, तेच त्या चौकटीचे : बातमी खोटी निघाली तर जाब कोणाला विचारायचा हे वाचकाला माहीत असावे. गाडीवरची पट्टी याच्या बरोबर उलट काम करते. तिच्यावरून जाब कोणाला विचारायचा हे कळत नाही. प्रामाणिक वार्ताहराची पत जाते ती अशा पट्ट्यांमुळे, आणि हे तेच वार्ताहर सर्वांत कडवटपणे सांगतात.

१८६७चा कायदा आता गेला. १ मार्च २०२४पासून नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा लागू झाला आणि त्यात पुस्तके नाहीत. पुस्तकावर मुद्रकाचे नाव छापण्याचे जुने बंधन त्यामुळे उरले नाही. काही नवी पुस्तके उघडून पाहिली तर ती ओळ गळालेली आढळते. मागणीप्रमाणे चार-चार प्रती छापणाऱ्या यंत्रांच्या काळात कोणी म्हणेल, त्या ओळीचे काय काम उरले? माझ्या मते काम वाढले आहे. पुस्तक जितक्या सहजपणे कुठूनही निघू शकते तितके ते कोणी काढले हे सांगणे जरुरीचे होते.

वाचकाला दोन सूचना. ‘प्रेस’ शब्दाचे लिंग या पुस्तकात एकसारखे ठेवलेले नाही. खामगावच्या हमालाने ‘प्रेस सुरू झाला’ म्हटले, चिखलीच्या कंपोझिटरने ‘प्रेस विकली’ म्हटले, तर दोन्ही तसेच छापले आहे. ज्यांच्या मुलाखती आहेत त्यांपैकी अनेकांनी नाव देऊ नये असे सांगितले. त्यांच्या जागी गाव आणि काम तेवढे दिले आहे.

शेवटच्या पानावर मुद्रकाचे नाव आणि पत्ता आहे. त्याखाली अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, प्लेट, छपाई आणि बांधणी करणाऱ्यांची नावे त्यांच्या संमतीने दिली आहेत. ही कल्पना ज्या छापखान्यात पुस्तक तयार झाले तिथल्या एका बाइंडरची. त्याने आपले नाव शेवटी घालायला सांगितले, कारण पुस्तक सर्वांत शेवटी त्याच्याच हातून जाते.